प्रश्न एक, शाखा दोन: आंतरविद्याशाखीय संशोधन प्रत्यक्षात कसं करायचं

संशोधनाच्या प्रस्तावांत 'आंतरविद्याशाखीय' हा शब्द आता इतका येतो की परीक्षकाची नजर त्यावरून घसरून पुढे जाते. शीर्षकात दोन शाखा असतात, आतलं काम मात्र एकाच शाखेचं. दुसरी शाखा प्रास्ताविकात डोकावते, पाच-सहा संदर्भ देऊन गायब होते आणि थेट समारोपात पुन्हा भेटते. बहुतेकदा याचं कारण साधं असतं. शाखांची जोडी आधी ठरलेली असते आणि त्या जोडीला शोभेल असा प्रश्न नंतर शोधलेला असतो.

या लेखातला क्रम उलटा आहे. लघुप्रबंध किंवा पीएचडीच्या सुरुवातीला असलेला संशोधक डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. एक गोष्ट त्यात पुन्हा पुन्हा येईल, म्हणून ती आधीच सांगतो: दुसऱ्या शाखेकडून साधन उसनं आणलं की त्या साधनाबद्दल त्या शाखेला ज्या शंका आहेत त्याही सोबत आणाव्या लागतात. साधन चालवायला महिन्याभरात जमतं. शंका नेमकी कुठे घ्यायची हे कळायला फार वेळ लागतो, आणि फजिती होते ती तिथेच.

पायरी १: प्रश्न एका शाखेत मावतो का?

एक कोरा कागद घ्या आणि तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा, एकही पारिभाषिक शब्द न वापरता. वाटतं तितकं हे सोपं नाही. अर्धा दिवस गेला तरी जाऊ द्या. मग त्याखाली लिहा: या प्रश्नाचं उत्तर कोणी माझ्यापुढे ठेवलं, तर ते मला पटण्यासाठी त्याने काय काय दाखवायला हवं? एकेका ओळीत एकेक गोष्ट. प्रत्येक ओळीसमोर ती गोष्ट तपासणं कोणाला जमतं ते लिहा. सगळ्या ओळींसमोर तुमच्याच शाखेचं नाव आलं तर खुशाल एका शाखेत काम करा, त्यात कमीपणा काही नाही. दोन-तीन ओळींसमोर भलतीच नावं आली तरच पुढे वाचा.

दामोदर धर्मानंद कोसंबी मूळचे गणिती. संख्याशास्त्र एखाद्या प्रत्यक्ष प्रश्नावर वापरून पाहावं म्हणून ते प्राचीन आहत (ठसे ठोकून पाडलेल्या) नाण्यांकडे वळले. चांदीचं नाणं हातोहात फिरताना झिजतं. टांकसाळीतून सारख्या वजनाची निघालेली नाणी जितका जास्त काळ चलनात राहतील, तितकं त्यांचं सरासरी वजन घटत जाईल आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढत जाईल. म्हणजे पुरेशी नाणी अचूक तोलली तर कोणता गट आधीचा आणि कोणता नंतरचा ते कळेल. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी हे काम प्रसिद्ध केलं. मुळात नाणी अशी झिजतात का, हे तपासायला त्यांनी त्या काळी वापरात असलेली नाणीही तोलली. पण तराजू फक्त क्रम सांगतो. ही नाणी पाडली कोणी, याचं उत्तर तराजूकडे नाही. त्यासाठी जुने ग्रंथ वाचावे लागतात आणि ग्रंथांसाठी संस्कृत. गणितातून नाणेशास्त्रात आणि तिथून इतिहासात ते गेले, कारण प्रश्न त्यांना तिकडे ओढत गेला.

चालू नाणी तोलण्याचा तो जास्तीचा खटाटोप लक्षात राहू द्या. पायरी ३ त्याच्यावरच उभी आहे.

पायरी २: हाच प्रश्न दुसऱ्या नावाने कोण विचारतंय?

१९८६ मध्ये डॉन स्वॉन्सन या माहितीशास्त्राच्या अभ्यासकाने एकही प्रयोग न करता वैद्यकातलं एक नवं गृहीतक मांडलं. रेनो विकारात थंडीने बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटं पांढरी पडतात. या रुग्णांचं रक्त जास्त दाट असतं, त्यातल्या रक्तकणिका एकमेकींना जास्त चिकटतात, असं लेखांच्या एका गठ्ठ्यात होतं. माशांच्या तेलाने रक्ताचा दाटपणा आणि हे चिकटणं कमी होतं, असं दुसऱ्या गठ्ठ्यात होतं. दोन्ही गठ्ठे ग्रंथालयात सगळ्यांना उपलब्ध होते, पण एकमेकांचा उल्लेख जवळपास करत नव्हते. स्वॉन्सनने ते शेजारी ठेवले आणि विचारलं: मग माशांच्या तेलाचा या रुग्णांना उपयोग होईल का? पुढे प्रत्यक्ष रुग्णांवर चाचणीही झाली आणि काही प्रकारच्या रुग्णांत फायदा दिसला. १९८८ मध्ये त्याने हीच रीत वापरून अर्धशिशी आणि मॅग्नेशियम यांचा संबंध सुचवला.

हे काम कोणालाही करता येतं. अट एकच: दुसऱ्या गठ्ठ्यातले शब्द माहीत हवेत. त्यासाठी तीन रकान्यांचा तक्ता करा. पहिल्या रकान्यात तुमच्या प्रश्नातली कल्पना साध्या भाषेत, दुसऱ्यात तुमची शाखा तिला काय म्हणते, तिसऱ्यात इतर शाखा काय म्हणतात. समजा, प्रश्न आहे 'अफवा कशी पसरते?'. समाजशास्त्रात नवकल्पनांच्या प्रसाराचा अभ्यास सापडेल, साथरोगशास्त्रात संसर्गाचा, संगणकशास्त्रात नेटवर्कवरून माहिती वाहण्याचा, लोकसाहित्यात एकाच कथेच्या पाठभेदांचा. चार दारं, चार वेगळे शोधशब्द. तिसरा रकाना एकट्याने भरत नाही. त्यासाठी ग्रंथपालाकडे जा. संशोधकांना हा माणूस फार उशिरा आठवतो.

वाचनाचा क्रमही सांगतो. नव्या शाखेत थेट ताज्या शोधनिबंधात उडी मारू नका. आधी पदवीचं एखादं पाठ्यपुस्तक, मग दोन-तीन आढावा लेख, आणि त्यानंतर त्या शाखेतलं कार्यपद्धतीवरचं एखादं जुनं भांडण. हे भांडण मुद्दाम वाचा. कोणत्या गोष्टीवर ही माणसं एकमेकांवर चिडतात ते कळलं की शाखा अर्धी कळते. मग एखादा महत्त्वाचा निबंध निवडून त्याने कोणाचे संदर्भ दिले आणि पुढे त्याचा संदर्भ कोणी दिला, असं दोन्ही दिशांनी जा.

एक सावधगिरी. दोन शोधशब्द एकत्र टाकल्यावर काहीच सापडलं नाही, तर लगेच 'संशोधनातील पोकळी सापडली' असं लिहू नका. ती जागा कदाचित कोणाला तिथे काही मिळालं नाही म्हणून रिकामी असेल, किंवा तुमचा शोधशब्द चुकला असेल.

पायरी ३: उसन्या साधनाच्या शंका

या पायरीवर मी सर्वांत जास्त रेंगाळणार आहे.

विलर्ड लिबी यांनी १९४९ मध्ये कार्बन-१४ वरून (सजीवांत असलेला, मृत्यूनंतर ठरावीक गतीने घटत जाणारा किरणोत्सारी कार्बन) जुन्या वस्तूंचं वय काढण्याची पद्धत जगापुढे आणली. १९६० मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पुरातत्त्वज्ञांच्या हाती सोन्याची खाणच आली. लाकडाचा, कोळशाचा, हाडाचा तुकडा प्रयोगशाळेत द्यायचा आणि वर्षं घेऊन यायचं. मात्र पद्धतीच्या पोटात एक गृहीतक होतं: हवेतलं कार्बन-१४चं प्रमाण हजारो वर्षं सारखंच राहिलं आहे. ते तसं नव्हतं. ज्यांचं वय इतर पुराव्यांवरून माहीत होतं अशा प्राचीन इजिप्तच्या वस्तू कार्बनच्या मापात अपेक्षेपेक्षा तरुण निघू लागल्या. १९६०च्या दशकात हान्स सूस यांनी ब्रिसलकोन पाइन या अतिदीर्घायुषी झाडाच्या, एकेक मोजलेल्या वर्तुळांतला कार्बन तपासला, तेव्हा हिशेब काही ठिकाणी कित्येक शतकांनी चुकतो हे स्पष्ट झालं. दुरुस्ती केल्यावर पश्चिम युरोपातली काही महापाषाणी थडगी इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुनी ठरली. दगडी बांधकामाची कला पूर्वेकडून तिकडे गेली, हे अनेक वर्षं शिकवलेलं चित्र उलटं झालं.

इथे यंत्र बिघडलेलं नव्हतं. पदार्थविज्ञानाने आकडा दिला, पुरातत्त्वाने तो घेतला, आणि आकड्याबरोबर आलेलं 'जर' मधल्या मध्ये सांडलं. असे 'जर' अजून आहेत. आयुष्यभर सागरी अन्न खाणाऱ्या माणसाचं हाड प्रत्यक्षापेक्षा जुनं भासतं, कारण समुद्राच्या पाण्यातला कार्बन मुळातच जुना असतो. ही गोष्ट माहीत नसलेला संशोधक एखाद्या वस्तीचा इतिहास बिनदिक्कत काही शतकं मागे ढकलेल.

म्हणून साधन हातात घेण्यापूर्वी या प्रश्नांची लेखी उत्तरं तयार ठेवा:

- हे साधन कोणत्या प्रश्नासाठी बनवलं गेलं होतं? माझा प्रश्न त्यापासून किती दूर आहे?
- काय खरं धरलं तरच ते चालतं?
- त्या शाखेतले लोक त्याच्या उत्तरावर कधी विश्वास ठेवत नाहीत?
- उत्तर आधीच माहीत असलेल्या एखाद्या उदाहरणावर मी ते चालवून पाहिलं का?
- त्याच्या उत्तरातली चूक किती, आणि ती माझ्या निष्कर्षाला पुरते का?

चौथ्या प्रश्नाला पर्याय नाही. कोसंबींनी तोललेली चालू नाणी म्हणजे तोच प्रश्न. लिबींनीही आधी वय माहीत असलेल्या लाकडांवरच पद्धत तपासली होती. फक्त तेवढे नमुने पुरेसे जुने आणि पुरेसे दाट नव्हते.

शंका सोबत आणल्या की साधन नव्या घरात आकार बदलतं. अफवेचंच पाहा. १९६४ मध्ये डेली आणि केंडल यांनी साथीच्या गणितावरून अफवेचं गणित मांडलं, पण ते जसंच्या तसं उचललं नाही. साथीत रुग्ण काही काळाने आपोआप बरा होतो. अफवा सांगणारा आपोआप थांबत नाही. समोरच्याला ती आधीच ठाऊक आहे असं कळलं की त्याचा उत्साह मावळतो. हा एक फरक समीकरणात घातल्याबरोबर अफवेची वाटचाल साथीपेक्षा वेगळी दिसू लागली. तुमच्या प्रबंधात अशी एक जरी दुरुस्ती असली तरी तो आंतरविद्याशाखीय आहे हे वेगळं सांगावं लागणार नाही.

हीच गोष्ट उलट दिशेनेही खरी आहे. विज्ञानाच्या अभ्यासकाने दप्तरखान्यातून आकडे उचलले तर इतिहासकाराच्या शंका सोबत हव्यात. क्योटोमध्ये चेरी कधी फुलली याच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या रोजनिशांत आणि बखरवजा लेखनात आहेत, आणि त्यांवरून वसंत ऋतूतलं जुनं तापमान काढलं गेलं आहे. जुन्या जहाजांच्या रोजनिशांवरून समुद्रावरच्या वाऱ्यांचा इतिहास उभा केला गेला. पण तारीख कोणत्या पंचांगाची? नोंद करणाऱ्याने झाड स्वतः पाहिलं होतं का? जहाजावरच्या माणसाने रेखांश कुठून मोजला? ग्रिनिचचं शून्य सर्वमान्य होण्याआधी प्रत्येक देशाची, कधी कधी प्रत्येक सफरीची शून्यरेषा वेगळी असे. 'जोराचा वारा' या शब्दाचा वेग किती धरायचा? ही सगळी कामं संगणकाला आकडे देण्यापूर्वीची, आणि ती इतिहासकाराची आहेत.

पायरी ४: पुस्तकात नसलेलं माणसांकडून

जनुकशास्त्रज्ञ पनेट आणि गणिती हार्डी केंब्रिजमध्ये एकत्र क्रिकेट खेळत. आनुवंशिकतेत प्रभावी गुण असेल तर तो पिढ्यांगणिक वाढत वाढत सगळीकडे पसरायला नको का, या आक्षेपाला काय उत्तर द्यावं ते पनेटला सुचेना. त्याने हार्डीला विचारलं. हार्डीच्या दृष्टीने ते शाळकरी बीजगणित होतं. १९०८ मध्ये त्याने एक छोटंसं पत्र छापून प्रश्न निकालात काढला. त्याच वर्षी वाइनबर्ग या जर्मन डॉक्टरने स्वतंत्रपणे तेच दाखवलं. आज लोकसंख्येच्या जनुकशास्त्राचा पहिला धडा या दोघांच्या नावाने शिकवतात. एका शाखेतली अडलेली गाठ दुसरीत दोन ओळींची असू शकते. फक्त ती योग्य माणसापुढे ठेवावी लागते.

दुसरं उदाहरण याहून बोलकं आहे. १९५३ च्या सुरुवातीला वॉटसन डीएनएच्या रचनेसाठी पुठ्ठ्याचे तुकडे जुळवत होता आणि ते जुळत नव्हते. त्याच खोलीत बसणारा रसायनशास्त्रज्ञ जेरी डोनोह्यू म्हणाला की, पाठ्यपुस्तकांत रेणूंची जी रूपं छापतात ती चुकीची आहेत, दुसरं रूप घे. रूप बदललं आणि जोड्या बसल्या. डोनोह्यूने दिली ती त्याच्या शाखेची शंका. ती छापील पुस्तकात नव्हती. पुस्तकात तर उलटंच होतं. शंका माणसांपाशी असतात.

मग माणसांकडे जायचं कसं? अनोळखी प्राध्यापकाला 'तुमच्या शाखेबद्दल मार्गदर्शन हवं' असं लिहिलंत तर उत्तर येणार नाही, आणि न येणंच बरोबर. एका पानाचं पत्र लिहा. माझा प्रश्न हा, मी हे वाचलं, अडलो तो नेमका इथे, वीस मिनिटं मिळतील का? भेटीत 'हे बरोबर आहे का?' असं विचारू नका, कारण सभ्य माणूस हो म्हणतो. 'यात तुम्हाला सर्वांत आधी काय खटकतं?' असं विचारा. जमलं तर त्या विभागाच्या साप्ताहिक चर्चासत्रात सहा महिने मागच्या बाकावर बसा. व्याख्यानापेक्षा नंतरची प्रश्नोत्तरं ऐकण्यासारखी असतात. शाखा कशावर शंका घेते ते तिथेच उघडं पडतं.

दीर्घकाळ एकत्र काम करणार असाल तर पहिल्याच आठवड्यात शब्दसूची करा. 'मॉडेल' म्हणजे अर्थशास्त्रज्ञाला समीकरणं, जीवशास्त्रज्ञाला उंदीर किंवा फळमाशी, वास्तुरचनाकाराला पुठ्ठ्याची इमारत. 'सार्थ' म्हणजे संख्याशास्त्रात योगायोगाने घडण्याची शक्यता कमी असलेलं, बाकी सगळीकडे महत्त्वाचं. दोघंही मान डोलावतात आणि चार महिन्यांनी लक्षात येतं की दोघांचं बोलणं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल चाललं होतं. यावर सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे दोघांच्या मध्ये एक वस्तू ठेवणं: नकाशा, कालरेषा, नमुन्यांची पेटी, एक सामाईक तक्ता. सुझन ली स्टार आणि जेम्स ग्रिसेमर यांनी १९८९ मध्ये प्राणिशास्त्राच्या एका वस्तुसंग्रहालयाच्या इतिहासावरून दाखवलं की शास्त्रज्ञ, हौशी संग्राहक आणि सापळे लावणारे यांना एकमेकांचे हेतू पटावे लागले नाहीत. नमुना कसा पकडायचा आणि त्यावर काय नोंदवायचं एवढं ठरलं, आणि काम चाललं.

पायरी ५: सुचणं थोडं हातात आणा

कल्पना हुकमी येत नाहीत, पण त्या ज्या वाटेने येतात तिथे जाऊन बसता येतं. मला खात्रीच्या वाटतात त्या तीन वाटा सांगतो.

पहिली, नियमात न बसणाऱ्या नोंदींची. १८५४ च्या लंडनमधल्या कॉलऱ्याची आणि डॉक्टर जॉन स्नोच्या नकाशाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. नकाशा पाहून त्याला पाण्याचं सुचलं, असं ती सांगितली जाते. प्रत्यक्षात कॉलरा पाण्यातून पसरतो हे मत त्याने १८४९ मध्येच मांडलं होतं. १८५४ मध्ये त्याने जास्त कष्ट घेतले ते न जुळणाऱ्या नोंदींवर. ज्या सार्वजनिक पंपाच्या पाण्यावर त्याचा संशय होता, त्याच्या शेजारच्या मद्यनिर्मितीच्या कारखान्यातले कामगार का वाचले? ते पंपाचं पाणी पीतच नव्हते. जवळच्या गरिबांच्या आश्रयगृहात मृत्यू इतके कमी का? त्यांची स्वतःची विहीर होती. आणि दूर हॅम्पस्टेडमधली एक वृद्धा कशी दगावली? त्या पंपाचं पाणी तिला आवडे म्हणून ते रोज तिच्याकडे पोचवलं जाई. तुमच्या डेटात न बसणाऱ्या नोंदी वेगळ्या वहीत काढा आणि आठवड्यातून एकदा फक्त तीच वही उघडा. याच गोष्टीतला हेन्री व्हाइटहेड हा तिथला धर्मोपदेशक स्नोचं म्हणणं खोडायला निघाला होता. घरोघरची माणसं त्याला ओळखत होती. पंपालगतच्या घरातलं साथीच्या सुरुवातीचं तान्हं मूल त्याच्याच चौकशीत सापडलं, आणि खोडायला निघालेला माणूस स्नोचा सर्वांत भक्कम साक्षीदार झाला. आपल्याशी असहमत असलेला सहकारी मिळाला तर सोडू नका.

दुसरी वाट लहान प्रश्नाची. इटलीतल्या गुबियोच्या खडकात डायनोसॉर संपले त्या काळाची सेंटिमीटरभर जाडीची मातीची पट्टी आहे. भूशास्त्रज्ञ वॉल्टर अल्व्हारेझचा प्रश्न अगदी लहान होता: एवढी माती साचायला किती वर्षं लागली? पदार्थवैज्ञानिक असलेले त्याचे वडील लुइस यांनी सुचवलं की अवकाशातून संथ गतीने पडणाऱ्या धुळीतलं इरिडियम (पृथ्वीच्या कवचात अगदी दुर्मीळ असलेला धातू) मोजू, तेच घड्याळ. फ्रँक असारो आणि हेलन मिशेल या अणुरसायनशास्त्रज्ञांनी ते मोजलं, तर इरिडियम आजूबाजूच्या थरांपेक्षा सुमारे ३० पट निघालं. घड्याळ म्हणून साधन साफ फसलं, आणि त्या फसण्यातून १९८० मध्ये अवकाशातून आदळलेल्या प्रचंड पिंडाचं गृहीतक निघालं. 'डायनोसॉर कशाने मेले?' असा भव्य प्रश्न घेऊन ते बसले असते तर काय मोजायचं हेच ठरलं नसतं.

तिसरी वाट माध्यम बदलण्याची. लिहून अडलात तर काढा, काढून अडलात तर कापून जोडा. १९८५ मध्ये साठ कार्बन अणूंचा रेणू कसा बंद होत असेल ते कळेना, तेव्हा रिचर्ड स्मॉलीने रात्री कागदाचे षटकोन आणि पंचकोन कापून चिकटवत गोळा बनवला आणि बरोबर साठ कोपरे मोजले.

पायरी ६: आधी सांगा, मग तपासा

सुंदर साम्य हा या प्रकारच्या संशोधनातला सर्वांत मोठा धोका आहे. दोन शाखांतल्या दोन गोष्टी सारख्या दिसल्या की मन भुलतं. उपाय जुनाच आहे: माझं म्हणणं चूक असेल तर काय दिसेल, हे तपासण्याआधी लिहून तारीख घाला.

अल्व्हारेझ गटाची आधी एक वेगळी कल्पना होती: जवळच्या एखाद्या ताऱ्याचा स्फोट. तसं असेल तर मातीत प्लुटोनियम-२४४ सापडायला हवं. पहिल्या चाचणीत ते सापडलंही! त्यांनी जल्लोष न करता सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं, आणि या वेळी काहीच नव्हतं. आधीचं प्रयोगशाळेतल्या भेसळीचं होतं. कल्पना तिथेच संपली.

वास्तुरचनाकार मायकेल व्हेंट्रिसने १९५२ मध्ये क्रीट आणि ग्रीसमधली 'रेखालिपी ब' ही प्राचीन लिपी वाचली. तिच्यातली भाषा ग्रीक नाही असं त्याचं अनेक वर्षांचं मत होतं. पुराव्याने ते सोडायला लावलं. अभिजात भाषांचा अभ्यासक जॉन चॅडविक त्याला येऊन मिळाला, पण शंकेखोर अजून बरेच होते. मग ग्रीसमधल्या पायलॉसला उत्खननात सापडलेली एक पाटी पुढे आली, जी व्हेंट्रिसने उलगडा करताना पाहिलीच नव्हती. तिच्यावर भांड्यांची चित्रं होती आणि शेजारी अक्षरं. त्याच्या उलगड्याप्रमाणे वाचल्यावर चार कड्यांच्या भांड्याशेजारी 'चार कानांचं', तिनाच्या शेजारी 'तीन कानांचं' आणि कडी नसलेल्याशेजारी 'बिनकानाचं' असं निघालं. तुमच्या संशोधनातही थोडा डेटा असाच बाजूला, न पाहता ठेवा. शेवटी तोच कामी येतो.

आणि दोन्ही शाखांच्या परीक्षेला बसा. पदार्थवैज्ञानिक ॲलन सोकल यांनी मुद्दाम निरर्थक विधानं भरलेला लेख संस्कृतीच्या अभ्यासाला वाहिलेल्या एका नियतकालिकाकडे पाठवला आणि १९९६ मध्ये तो छापून आला. त्यावर दोन्ही बाजूंनी बरीच धुळवड झाली. आपल्या कामाचा मुद्दा एवढाच, की लेख पदार्थविज्ञान जाणणाऱ्या कोणालाही दाखवला गेला नव्हता. तुमचं प्रकरण छापायला जाण्यापूर्वी दुसऱ्या शाखेतल्या एका कडक माणसाने वाचलेलं हवं.

पायरी ७: नोंदी

इथे थोडक्यात. व्हेंट्रिसच्या आधी ॲलिस कोबर यांनी त्या लिपीतल्या चिन्हांच्या सुमारे १,८०,००० चिठ्ठ्या केल्या होत्या. युद्धकाळात कागद मिळेना, तेव्हा शुभेच्छापत्रांच्या पाठी आणि ग्रंथालयातल्या चिठ्ठ्या कापून वापरल्या. ठेवल्या सिगारेटच्या खोक्यांत. शब्दांची टोकं बदलतात ही कळीची गोष्ट त्यांतून निघाली. तुमच्याकडे संगणक आहे, त्यामुळे सबब नाही. तीन नोंदी मात्र वेगळ्या ठेवा: वाचलेलं, सुचलेलं आणि ठरवलेलं. तिसरीत प्रत्येक निर्णयाचं कारण लिहा. अडीच वर्षांनी 'हीच पद्धत का?' असं विचारलं जातं तेव्हा स्मरणशक्ती सोयीस्कर गोष्ट रचते.

पायरी ८: लिहिणं, आणि कोणासाठी

दोन्ही शाखांसाठी एकाच वेळी लिहिलेला निबंध बहुधा दोघांनाही आवडत नाही. एक घर निवडा. पदवी कोणत्या विभागाची, नियतकालिक कोणाचं, परीक्षक कुठले, ते पाहून मुख्य वाचक ठरवा. त्याला त्याच्याच शाखेतली मूलतत्त्वं समजावू नका. दुसऱ्या शाखेतली मात्र प्रत्येक पायरी उलगडून सांगा, आणि पायरी ३ मधल्या पाच उत्तरांचा परिच्छेद कार्यपद्धतीच्या प्रकरणात आहे तसा घाला. संशोधक हा परिच्छेद लपवू पाहतात, दुबळेपणा दिसेल म्हणून. परीक्षकाला तो नसला की संशय येतो.

नियतकालिक निवडताना त्याचा मागच्या दोन-तीन वर्षांतला मजकूर चाळा. 'आंतरविद्याशाखीय लेखनाचं स्वागत' या ओळीवर भिस्त ठेवू नका. संपादकाला पत्र लिहिताना दोन्ही बाजूंचे समीक्षक लागतील हे स्वतःहून सांगा. लेखकांच्या नावांचा क्रमही आधीच ठरवा, कारण काही शाखांत शेवटचं नाव सर्वांत मोठं मानतात, काहींत पहिलं, तर गणितात सहसा आडनावांच्या वर्णक्रमाने नावं येतात. कोणी काय केलं हे १४ भूमिकांत नोंदवण्याची 'क्रेडिट' नावाची पद्धत अनेक प्रकाशक वापरतात. तिचा तक्ता काम सुरू होतानाच भरून ठेवला तर पुढची कटुता टळते.

राहिला वेळ. दुसरी शाखा शिकण्यासाठी आराखड्यात जितके महिने धराल त्याच्या दुप्पट लागतात. म्हणून तिसऱ्या महिन्याच्या शेवटी एक तपासणी ठेवा. पायरी १ मधला कोरा कागद काढा, आज तोच प्रश्न पुन्हा एका वाक्यात लिहा आणि दोन्ही वाक्यं शेजारी ठेवा. दुसऱ्या शाखेमुळे वाक्यातला एखादा शब्द, एखादी अट, एखादं प्रमाण बदललं असेल तर चालू ठेवा. काहीच बदललं नसेल तर मार्गदर्शकांशी बोलून ती शाखा शीर्षकातून काढून टाका. तिसऱ्या महिन्यात हे एका अर्जाचं काम असतं. तिसऱ्या वर्षात त्यासाठी प्रबंधच पुन्हा लिहावा लागतो.